थंड राहणाऱ्या घराची परीक्षा

रोग्याची नाडी न पाहतां औषध देणारा वैद्य आणि यंत्राची परीक्षा न करितां त्याचे भाग बदलणारा कारागीर, हे दोघे एकाच पंक्तीचे होत. दोघांच्याही उतावळेपणाचा खर्च दुसऱ्यास सोसावा लागतो. शास्त्राच्या तासाला आपण उष्णतेचे वहन, अभिसरण व प्रारण असे तीन मार्ग शिकतों, परीक्षेंत त्यांच्या व्याख्या लिहितों आणि बहुधा तेथेंच त्यांना निरोप देतों. हीच तीन नांवें एखाद्या कुटुंबाच्या सुखाचा, प्रसंगीं प्राणाचाही, प्रश्न सोडविण्यास कशीं उपयोगी पडतात हें दाखवावें, या हेतूनें आम्हीं हा विषय निवडला आहे. घर तापविणारा बॉयलर आहे, खोलींत थर्मोस्टॅटही आहे, तरी घर थंडच राहतें. याचें कारण कसें शोधावें?

हा प्रश्न आपल्या हवेचा नव्हे, हें खरें. पुण्यास कडाक्याच्या थंडींत पहाटे पारा ८ अंशांपर्यंत उतरला तर आपण शेकोटीभोंवतीं बसतों; लंडनला जानेवारींत भर दुपारीं तो सरासरी तितक्याच अंशांच्या आसपास असतो. तेथें ऊब ही चैन नसून गरज आहे. थंडीच्या दिवसांत घरांतील तापमान १८ सेंटिग्रेड अंशांखालीं जाऊं देऊं नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं केली. थंड घरांत वृद्धांचा रक्तदाब वाढतो, दम्याचा विकार बळावतो, ओलसर भिंतींवर बुरशी धरते. आमच्या शाळेंतून बाहेर पडलेले कित्येक विद्यार्थी व विद्यार्थिनी आज परिचारिका, डॉक्टर किंवा विद्यार्थी या नात्यानें इंग्लंडांत भाड्याच्या जुन्या घरांतून राहत आहेत. “घर गरम होत नाहीं” असें तिकडून कळलें कीं इकडे आईवडिलांच्या जिवाला घोर लागतो. आणि तिकडे मुलगा थर्मोस्टॅटचा कांटा ३० वर नेऊन ठेवितो. त्यानें घर लौकर तापत नाहीं. मागाहून बिल मात्र तापतें.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊं. पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब पुष्कळांनीं आजोळीं पाहिला असेल. मध्यें उभी नळी, तिच्यांत विस्तव, भोंवतीं पाणी, खालीं राख पडण्याची जाळी आणि बाजूला तोटी. इंग्लंडांतील घरगुती बॉयलर हा या बंबाचाच शिकलेला भाऊ समजावा. त्यांत लांकडाऐवजीं बहुधा गॅस जळतो. तापलेलें पाणी बालदींत न पडतां पंपाच्या जोरानें नळ्यांतून घरभर फिरतें. प्रत्येक खोलींत भिंतीलगत पोलादाची एक चपटी पेटी बसविलेली असते. तिला रेडिएटर म्हणतात. पाणी तिच्यांतून जातांना आपली उष्णता खोलीस देतें आणि निवून पुन्हां बॉयलरकडे येतें. तेंच पाणी वर्षानुवर्षें फिरत असतें. स्नानाचें पाणी निराळें. येथें एक गंमत ध्यानांत ठेवावी. रेडिएटर या नांवाचा अर्थ ‘प्रारण करणारा’ असा असला, तरी खोली तापते ती बव्हंशीं अभिसरणानें. पेटीजवळची हवा तापून वर जाते, तिच्या जागीं थंड हवा येते, आणि असा फेरा चालूं राहतो. म्हणून रेडिएटरवर लांब पडदा सोडणें किंवा त्यासमोर मोठें कोच लावणें म्हणजे चुलीवर झांकण घालून भात शिजण्याची वाट पाहत बसणें होय.

आतां थर्मोस्टॅट. दोन निरनिराळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींस घट्ट जोडून तापविल्या, तर एक अधिक व दुसरी कमी प्रसरण पावते आणि जोडपट्टी वांकते, हा प्रयोग वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. हवेच्या फरकानें घड्याळाच्या चालींत चूक होऊं नये म्हणून इंग्लंडचे घड्याळकार जॉन हॅरिसन यांनीं १८ व्या शतकांत अशीच पट्टी वापरली. १८३० सालीं स्कॉटलंडचे रसायनशास्त्रज्ञ अँड्र्यू यूर यांनीं याच तत्त्वावरील उपकरणाचें पेटंट घेतलें व त्यास थर्मोस्टॅट हें नांव दिलें. पुढें १८८३ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत वॉरेन जॉन्सन नांवाच्या शिक्षकांनीं विजेवर चालणाऱ्या खोलीच्या थर्मोस्टॅटचें पेटंट मिळविलें. त्यांच्या शाळेचा शिपाई वर्गावर्गांत शिरून तापमान पाही आणि मग तळघरांतील भट्टीच्या झडपा कमी-अधिक उघडी. त्यामुळें शिकविण्यांत खंड पडे. तो त्रास चुकविण्यासाठीं त्यांनीं ही युक्ति काढली. वर्गांतील व्यत्ययांतून जगास एक सोय लाभली, हें आम्हां शिक्षकांस विशेष गोड वाटतें.

परंतु या उपकरणास किती कळतें, हें नीट समजून घेतलें पाहिजे. साध्या थर्मोस्टॅटला दोनच शब्द येतात: ‘पेटव’ आणि ‘थांब’. तो पाण्याच्या तोटीसारखा नाहीं कीं जास्त फिरविली म्हणजे धार मोठी व्हावी. खोलींत १५ अंश असतांना कांटा २० वर ठेवा किंवा ३० वर ठेवा, बॉयलरला ऐकूं येतो तो एकच शब्द, ‘पेटव’. दोन्ही वेळां खोली सारख्याच वेगानें तापते. फरक एवढाच कीं, ३० वर ठेवल्यास २० अंश झाल्यावरही गॅस जळतच राहतो. शिवाय हा पहारेकरी जेथें बसला आहे तेथलेंच तापमान सांगतो. दुसऱ्या खोलींत कोण कुडकुडत आहे, याची त्यास वार्ता नसते.

एवढें कळल्यावर परीक्षेस आरंभ करावा. आमच्या मतें पहिला प्रश्न एकच आहे आणि त्याच्या उत्तराशिवाय पुढें पाऊल टाकूं नये. तो हा: घर थंड आहे या क्षणीं बॉयलर जळत आहे कीं बंद आहे? या एका प्रश्नानें सर्व रोगांचे दोन गट पडतात. बंद असेल तर दोष आज्ञेंत किंवा अग्नींत आहे. जळत असेल तर दोष उष्णतेच्या वाटेंत किंवा घरांत आहे.

समजा, बॉयलर बंद आहे. मग थर्मोस्टॅटशेजारीं एक साधा तापमापक अर्धा तास ठेवावा व दुसरा थंड खोलींत ठेवावा. थर्मोस्टॅटजवळ २० अंश आणि निजण्याच्या खोलींत १५ अंश असे आंकडे आले, तर पहारेकरी खोटें बोलत नाहीं. त्याची जागा चुकली आहे. त्याच्यावर ऊन पडत असेल, जवळ दिवा किंवा स्वयंपाकघराचें दार असेल, अथवा शेजारींच रेडिएटर असेल. घराच्या आंतील भिंतीवर, जमिनीपासून सुमारें १.५ मीटर उंचीवर, ऊन व वाऱ्याचा झोत लागणार नाहीं असें स्थान त्यास योग्य होय. पुष्कळ रेडिएटरांवर स्वतंत्र लहान थर्मोस्टॅटची टोपीही असते. भिंतीवरचा थर्मोस्टॅट ज्या खोलींत आहे, त्याच खोलींतील ही टोपी आंखडून ठेविली, तर दोन धन्यांची चाकरी सुरू होते. टोपी म्हणते ‘पुरे’, भिंत म्हणते ‘अजून नाहीं’. बॉयलर जळत राहतो आणि इतर खोल्या भट्टीसारख्या होतात. म्हणून त्या एका खोलींतील टोपी पूर्ण उघडी ठेवावी. उलट त्या खोलींतील रेडिएटर फार मोठा असेल, तर ती लौकर तापून ‘थांब’ म्हणते आणि बाकीच्या खोल्या थंड राहतात.

आज्ञा झाली तरी बॉयलर पेटत नसेल, तर साध्या गोष्टींपासून आरंभ करावा. बिनतारी थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या संपल्या आहेत काय? वेळ ठरविणारें घड्याळ बरोबर आहे काय? इंग्लंडांत मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं घड्याळें एक तास सरकवितात. यंत्रांतील घड्याळ मागें राहिलें तर पहांटेची ऊब भलत्याच वेळीं येते. नंतर बॉयलरवरील दाबाचा कांटा पाहावा. यंत्र थंड असतांना तो सामान्यतः १ ते १.५ बार दाखवितो. दाब फार उतरला असेल तर पुष्कळ बॉयलर पेटण्यास नकार देतात. पाणी भरण्याची वेगळी नळी व तिच्या झडपा असतात. यंत्राबरोबरच्या पुस्तिकेंत सांगितल्याप्रमाणें हळूहळू पाणी घेऊन झडपा पुन्हां घट्ट बंद कराव्या. दर आठवड्यास दाब उतरूं लागला, तर मात्र पाणी भरीत बसणें म्हणजे फुटक्या घागरीला दोष न देतां विहिरीच्या फेऱ्या घालणें होय. कोठें तरी गळती आहे अथवा दाब सांभाळणारी टांकी बिघडली आहे, कारागिरास बोलवावें.

कडक गोठणीच्या दिवसांत आणखी एक कारण संभवतें. गॅस जळतांना वाफ तयार होते, हें रसायनशास्त्रांत आपण शिकतों. नव्या जातीचे बॉयलर ही वाफ धुराबरोबर वायां जाऊं न देतां तिचें पुन्हां पाणी करितात आणि सुटलेली उष्णता कामास लावतात. एक किलो वाफेचें पाणी होतांना इतकी उष्णता सुटते कीं तिनें सुमारें ५ किलो बर्फासारखें थंड पाणी उकळीस आणतां येईल. यामुळेंच २००५ सालापासून इंग्लंडांत नवा गॅस बॉयलर सामान्यतः याच जातीचा असावा असा नियम झाला. परंतु तें उरलेलें पाणी ज्या बारीक नळीनें बाहेर जातें, ती घराबाहेर असल्यास गोठते आणि बॉयलर थांबतो. नळी हातास लागण्याजोगी असेल तर तिच्यावर कोमट पाणी ओतावें. उकळतें ओतूं नये, नाहींतर नळी तडकेल व हात भाजेल.

आतां दुसरा पक्ष. बॉयलर जळत आहे आणि खोली थंड आहे. येथें आपला हातच उत्तम उपकरण. मात्र रेडिएटर कडक तापलेला असूं शकतो, म्हणून हात जपून लावावा. रेडिएटर खालीं गरम व वर थंड लागला, तर वरच्या भागांत हवा कोंडली आहे. बॉयलर बंद करून पाणी निवूं द्यावें. वरच्या कोपऱ्यांतील लहान मळसूत्र त्याच्या किल्लीनें किंचित् सैल करावें, खालीं वाटी व फडकें धरावें. ‘सूंऽ’ असा आवाज होऊन हवा निघते. पाणी दिसतांच मळसूत्र आवळावें आणि दाबाचा कांटा पुन्हां पाहावा, कारण हवा गेल्यानें दाब उतरतो. रेडिएटर वर गरम व खालीं मध्यभागीं थंड लागला, तर निदान उलट आहे. पोलाद, पाणी व आंत शिरलेला प्राणवायु यांच्या संयोगानें लोखंडाचा काळा गाळ होतो आणि तो तळाशीं बसतो. बंबाच्या आंत क्षार चढला कीं लांकडें दुप्पट लागतात, तशीच ही गोष्ट. हा गाळ धुऊन काढण्याचें काम जाणत्याचें आहे.

बॉयलरजवळचे रेडिएटर कडक व दूरचे थंड, असें आढळलें तर हवा नव्हे, गाळही नव्हे. वांटणी बिघडली आहे. शेताच्या पाटाचें पाणी वरच्या वाफ्यांनींच अडवून घेतलें तर खालचे वाफे सुकतात. उपाय तोच, जो शेतकरी करितो: वरच्या वाफ्याचें तोंड थोडें बुजवावयाचें. प्रत्येक रेडिएटरच्या दुसऱ्या टोंकास एक झांकलेली झडप असते. जवळच्या रेडिएटरांची ती थोडी आवळली म्हणजे पाणी दूरवर पोंचतें. एकच रेडिएटर थंड असेल, तर त्याच्या टोपीखालची लहान खीळ उन्हाळ्याच्या विश्रांतींत अडकली असण्याचा संभव असतो. टोपी काढून ती हलकेंच दाबून सोडली तर ती बहुधा मोकळी होते. आणि बॉयलर वारंवार पेटून लगेच विझत असेल, नळ्या थोड्या अंतरापलीकडे थंडच असतील, तर पंप किंवा मुख्य झडप अडकून पाणी जागच्या जागीं तापत आहे, असें समजावें.

सर्वच रेडिएटर कोमट लागत असतील, तर बॉयलरवरील दुसरा कांटा पाहावा. खोली किती तापावी हें थर्मोस्टॅट ठरवितो. नळ्यांत जाणारें पाणी किती तापावें हें हा कांटा ठरवितो. दोहोंची गल्लत पुष्कळ जण करितात. तो फार खालीं असेल तर ऐन थंडींत खोली तापत नाहीं. फार वर, म्हणजे ७५-८० अंशांवर असेल, तर परत येणारें पाणीही इतकें गरम राहतें कीं वाफेचें पाणी होण्याची क्रिया मंदावते. त्यासाठीं परतीचें पाणी सुमारें ५५ अंशांखालीं असावें लागतें. पुष्कळ घरांत तो ६० अंशांच्या आसपास ठेवून काम भागतें व गॅसही वांचतो. मात्र ज्या घरीं गरम पाण्याची सांठवण टांकी आहे, तेथें टांकींतील पाणी ६० अंशांवर तापलें पाहिजे, नाहींतर त्यांत रोगजंतु वाढतात. म्हणून तेथें हा कांटा उतरविण्यापूर्वीं जाणत्यास विचारावें.

सर्व रेडिएटर चांगले तापले आहेत, बॉयलर दिवसभर जळत आहे, आणि तरीही खोली १६ अंशांच्या वर चढत नाहीं, असें असेल तर यंत्र निर्दोष आहे. दोष घराचा. फुटक्या मडक्यांत कितीही पाणी ओतलें तरी तें भरत नाहीं. खिडक्यांच्या फटी, छतावर उष्णतारोधक थराचा अभाव आणि एकेरी काचा यांतून जितकी उष्णता जाते तितकीच रेडिएटर देत असतो. अशा घरीं नवा बॉयलर घेणें व्यर्थ. आधीं फटी बुजवाव्या, रात्रीं जाड पडदे लावावे, ते रेडिएटरवर लोंबूं देऊं नयेत.

या सर्व परीक्षेंत एक शिस्त पाळावी. एका वेळीं एकच बदल करावा, तो वहींत लिहावा, आणि घरास फळ दाखविण्यास कांहीं तास द्यावे. तीन कांटे एकदम फिरविणाऱ्यास घर तापलें तरी कशानें तापलें हें कळत नाहीं. पुढील हिवाळ्यांत तो पुन्हां अंधारांतच चांचपडतो. प्रयोगशाळेंतही आपण याहून निराळें कांहीं शिकत नाहीं.

आतां सर्वांत गंभीर गोष्ट. वर सांगितलेल्या परीक्षा पाण्याच्या व आज्ञेच्या बाजूच्या आहेत. बॉयलरचें आवरण उघडून गॅसच्या भागास हात लावणें हें घरच्या माणसाचें काम नव्हे. ग्रेट ब्रिटनमध्यें २००९ सालापासून ‘गॅस सेफ रजिस्टर’ नांवाची कारागिरांची अधिकृत नोंदवही आहे, आणि धंदा म्हणून गॅसचें काम करण्याची परवानगी कायद्यानें तींतील कारागिरांसच आहे. भाड्याच्या घरांतील गॅसच्या यंत्रांची दर वर्षीं अशा कारागिराकडून तपासणी करविणें हें घरमालकाचें कर्तव्य आहे; तपासणीचा दाखला मागण्यांत भाडेकरूनें संकोच धरूं नये. हवा अपुरी पडून गॅस अर्धवट जळला कीं कार्बन मोनॉक्साइड वायु निर्माण होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. निळ्याऐवजीं पिवळी, लवलवणारी ज्योत व यंत्राभोंवतीं काजळीचे डाग हीं त्याचीं चिन्हें. डोकें दुखणें, घेरी, मळमळ हे त्याचे पहिले घाले. घरांतील सर्वांचें डोकें एकाच वेळीं दुखूं लागलें आणि बाहेर पडतांच बरें वाटलें, तर सर्दी समजून स्वस्थ बसूं नये. यंत्र बंद करावें, दारें-खिडक्या उघडाव्या, सर्वांनीं बाहेर पडावें व मदत मागावी. या वायूची सूचना देणारी घंटा अल्प किंमतींत मिळते. ती प्रत्येक घरीं असावी.

हा इशारा केवळ परदेशीं गेलेल्यांसाठीं नाहीं. आपल्याकडेही हवा खेळण्यास वाट नसलेल्या न्हाणीघरांत गॅसचा गीझर लावून, किंवा थंडीच्या रात्रीं बंद खोलींत कोळशाची शेगडी ठेवून निजल्यानें माणसें दगावल्याचें आपण वर्तमानपत्रांत वाचतों. देश बदलला तरी वायु तोच, आणि त्याचा नियमही तोच. पालकांनीं आजच आपल्या न्हाणीघराचा झरोका उघडा आहे कीं नाहीं हें पाहावें, अशी आमची विनंति आहे.

शुभवर्तमानांतील दहा कुमारींच्या दृष्टान्तांत शहाण्या पांच जणींचें शहाणपण कशांत होतें? काळोख होण्यापूर्वीं त्यांनीं तेलाची तजवीज केली होती. परदेशीं असलेल्या आमच्या मुलांस आमचें सांगणें इतकेंच कीं, बॉयलर सप्टेंबरांत एकदां चालवून पाहा, डिसेंबरच्या हिमांत नव्हे. आपल्या घराची परीक्षा झाली कीं शेजारीं एखादी वृद्ध बाई एकटी राहत असेल, तिच्या दारावर थाप द्या आणि तिची खोली उबदार आहे ना, हें विचारा. रेडिएटरची किल्ली खिशांत मावते. ती बरोबर घेऊन जा.